पेंढा मीच पेटवला

पेंढा मीच पेटवला. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं सबब वाटणार नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास, दामूकाकांच्या गोठ्याला लागून रचलेली पेंढ्याची उडवी माझ्या हाताने पेटली. म्हैस वाचली. पण तिचं दावं सोडवताना दामूकाकांच्या बायकोचा, सुमनकाकीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

आणि मी आजारी होतो.

ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. गेलं वर्षभर लोक मला यातलं एकच निवडायला सांगत आले. मी निवडत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी कर्जत तालुक्यात, कडावच्या पलीकडच्या एका गावात राहतो. नाव भावेश. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा सातवी शिकलेत, खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर जातात आणि उरलेल्या वेळात भातशेती करतात. आई शाळेच्या आत गेली ती माझं नाव घालायलाच. मला असं लिहायची सवय नाही, आणि आमच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगाव्यात की नाही हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. पण तेव्हा असं कोणीतरी लिहिलेलं मला वाचायला मिळालं असतं, तर मी थोडा कमी घाबरलो असतो.

कौतुकाचे दहा दिवस

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी ती जागा भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, त्यावर गवत आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. याला राब म्हणतात. काडी लावायची ती वारा जिकडे जातो त्या टोकाला. मग आगीला वाऱ्याच्या विरुद्ध यावं लागतं. ती धावत नाही, चालते, आणि जमीन खोलवर भाजते. हे मला बाबांनी मी चौथीत असताना शिकवलं.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची परीक्षा होती. मी जागून अभ्यास करत होतो. परीक्षा संपली, पण झोप परत आली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट फार छान वाटत होतं. डोक्यात एकामागून एक कल्पना येत होत्या, अंगात कधी नव्हती एवढी ताकद होती. उजाडायच्या आधी मी डोंगराच्या अंगाला कवळ आणायला जायचो. आमचा राब दोन दिवसांत रचून झाला. मग शेजारच्यांचा रचला. मग त्यांच्या शेजारच्यांचा. पाच घरांचे राब मी जवळजवळ एकट्याने रचले.

गाव खूश होतं. चावडीजवळच्या दुकानात माणसं बोलत.

"भावेशला बघा. कालेज शिकून शेणाला हात लावतो. नायतर आमचं रत्न, मोबाईलमधनं मान वर काढत नाय."

दामूकाका आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. एक म्हैस, कडावला डेअरीत दूध घालतात. माणूस कमी बोलतो. पण तेसुद्धा बाबांना म्हणाले, "पोरगा सोनं हाय रं तुझा." सुमनकाकीने मला ओट्यावर बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. मी खाल्ली की नाही आठवत नाही. मी बोलत होतो, एवढं आठवतं. भराभर बोलत होतो आणि ती हसत होती.

फक्त आईला काहीतरी खटकलं होतं. ती एकदा म्हणाली, "अरं, तू झोपतोस कवा?"

बाबा म्हणाले, "काम करतंय तर करू दे की. तुला कायतरीच."

मी कोणालाच दोष देत नाही. दहा दिवस न झोपता मोबाईल घेऊन बसलो असतो, तर त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी पकडलं असतं. पण मी कष्ट करत होतो, आणि कष्ट करणारा माणूस आजारी असू शकतो हे आमच्याकडे कोणाच्या ध्यानात येत नाही.

काडी

त्या सकाळचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. उद्या मोठा पाऊस येणार आणि ज्याचा राब भाजायचा राहील तो उपाशी मरणार, अशी माझी खात्री झाली होती. एप्रिलमध्ये पाऊस कुठला. पण खात्री होती. हे काम गावाने नाही, त्याच्याही वरच्या कोणीतरी माझ्यावर सोपवलंय असं वाटत होतं. सुकलेलं जे जे दिसेल ते मला राबच दिसत होतं. दामूकाकांची उडवी मला भाजायचा राहिलेला राब दिसली.

मी वारा बघितला. तो जिकडे जात होता त्या टोकाला गेलो आणि काडी लावली.

काकी धावत बाहेर आली. मी तिला म्हणालो, "काकी, घाबरू नको. तुमचंपण भाजून देतो."

हे वाक्य मला नंतर काकीनेच सांगितलं. मला आठवलं नसतं तर बरं झालं असतं, पण तिने सांगितल्यावर आठवलं.

गावकरी जमले, हंडे-कळश्यांनी आग विझवली. उडवी गेली, गोठ्याचं छप्पर एका बाजूने गेलं. दोघांनी मला धरलं, एकाने मारलं आणि आंब्याला बांधलं. म्हशीच्याच दाव्याने. तीन दिवसांपूर्वी ज्याच्या घरचा राब रचून दिला होता, त्यानेच गाठ मारली. दुपारपर्यंत मी तिथे होतो. कोणीतरी व्हिडिओ काढला. हवालदार येऊन गेले. दामूकाकांनी तोंडी सांगितलं, लेखी काही दिलं नाही. हवालदार म्हणाले, लेखी द्यायचं असेल तर ठाण्यात या.

संध्याकाळी तो व्हिडिओ तालुक्यातल्या एका बातम्यांच्या पेजवर आला. वर मथळा होता: "माथेफिरू तरुणाने पेटवला पेंढा".

या शब्दाबद्दल मी खूप विचार केला आहे. तो एकच शब्द माणसाला आजारी ठरवतो आणि गुन्हेगारही, आणि दोन्हींची माया काढून घेतो. आजारी माणसाची विचारपूस होते. गुन्हेगाराला निदान त्याची बाजू विचारतात. माथेफिरूला कोणी काही विचारत नाही. आणि मला एक सांगा, पाच घरांचे राब रचले तेही याच डोक्याने. त्याच आजाराने, त्याच दहा दिवसांत. तेव्हा मी सोनं होतो.

घरात कोणाला होतं का?

मधले दोन दिवस अंगारेधुपारे झाले. आई घाबरली होती, तिला जे माहीत होतं ते तिने केलं. तिसऱ्या दिवशी लोधिवलीचा मामा त्याचा टेंपो घेऊन आला आणि काही न विचारता मला त्यात बसवलं. बाबा एका बाजूला, आई दुसऱ्या. पनवेलच्या पुढे एका रुग्णालयात नेलं.

डॉक्टर मॅडम वयाने फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी मला आधी आगीबद्दल विचारलंच नाही. "शेवटची पूर्ण झोप कधी झाली?" हे विचारलं. मी उत्तर द्यायला लागलो आणि थांबलोच नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग बाबांकडे वळल्या.

"घरात कोणाला असं काही होतं का? आजोबा, काका, आत्या?"

बाबा म्हणाले, "नाय. आमच्यात कोण नाय."

आजाराचं नाव बायपोलर. मॅडम म्हणाल्या, यात मन कधी नको तेवढं वर जातं आणि कधी नको तेवढं खाली. आईने विचारलं, "म्हंजे येडा झालाय का?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नाही. आजारी झालाय. वर जातो तेव्हा लोक कौतुक करतात, खाली जातो तेव्हा आळशी म्हणतात. म्हणून आमच्याकडे यायला उशीर होतो."

औषधांनी मी खाली आलो, आणि खाली आल्यावर काय केलंय ते कळलं. ते दिवस सगळ्यात वाईट होते. डोळे मिटले की काकीचा हात दिसायचा. मला वाटायचं की मी आजारीबिजारी काही नाही, मी मुळातच वाईट आहे आणि हे सगळे मला वाचवायला खोटं बोलतायत. मरावंसं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. तसं वाटणं हासुद्धा आजाराचाच भाग होता, आणि मी ते नर्सताईंना सांगितलं म्हणून आज इथे आहे. तुम्हाला तसं वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. शब्द नीट जुळवत बसू नका.

वॉर्डातले गुन्हे

अठरा दिवस मी तिथे होतो. सहाला चहा, आठला गोळ्या. गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. खिडकीला बारीक जाळी. दाढी न्हावी करणार, ब्लेड आपल्या हातात नाही. पहिल्या दिवशी हा अपमान वाटला, आठव्या दिवशी सवय झाली.

शेजारच्या खाटेवर माथेरानचे यशवंतदादा होते. घोडेवाले. पन्नाशीचे, मिशीवाले, हळू बोलणारे. माझी गोष्ट ऐकून म्हणाले, "माझी ऐक. माझं डोकं फिरलं तवा मी तबेल्यातली सगळी घोडी सोडली. माझी नाय, सगळ्यांची. बोललो, जा रं बाबांनो, तुमची सुट्टी. बाजारपेठेत घोडीच घोडी."

"मग?"

"मग काय. दोन दिवस धरत होते लोक. अजून हसतात. हाटेलवाले पाव्हण्यांना सांगतात माझी गोष्ट."

"पोलीस नाही आले?"

"घोडी चरून परत आली ना. तुझा पेंढा परत आला असता तर तुझीपण गोष्ट झाली असती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "एक घोडं दरीच्या अंगाला गेलं असतं, तर मीपण तुझ्याच लाइनीत होतो."

गुन्हा कशाला म्हणायचं, हे आम्हाला समाजशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं. मी व्याख्या पाठ केली होती, तिला चांगले मार्कही पडले होते. पण खरा अभ्यास त्या वॉर्डात झाला. लोकांना वाटतं, असल्या वॉर्डात धोकादायक माणसं भरलेली असतात. दुसऱ्याचं नुकसान करून आलेला तिथे मी एकटा होतो. बाकीच्यांचं नुकसान दुसऱ्यांनी केलेलं होतं. एकाच्या घोट्याभोवती साखळीचा काळा वळ होता, त्याला त्याच्या भावानेच बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या एकाला त्याच्या भावाने बरं नसताना ऑफिसात नेऊन अंगठा घेतला आणि जमीन नावावर केली. समोरच्या बायकांच्या वॉर्डात एक ताई होत्या, त्यांना नवऱ्याने इथे आणून सोडलं आणि घरी दुसरं लग्न केलं. यातल्या एकाही गोष्टीचा व्हिडिओ कोणी काढला नव्हता. त्या साखळीवाल्याच्या भावाला कोणी माथेफिरू म्हटलं नाही. तो दर रविवारी केळी घेऊन यायचा, आणि लोक म्हणायचे, किती करतो भावासाठी.

"एक दिस दारुडा हो"

सुटी मिळाल्यावर बाबांनी मला गावात नेलं नाही. मी लोधिवलीला मामाकडे राहिलो. पंधरा दिवसांनी बाबा आले. माझ्यासमोर खुर्चीत न बसता पायरीवर बसले.

"रविवारी देवळात बैठक हाय," ते म्हणाले. "पोलीस पाटलांनी दामूला समजावलाय. कागद करायचा. तू सही केलीस की दामू लेखी तक्रार देनार नाय."

"काय लिहायचं कागदावर?"

बाबांनी मामाच्या टेंपोकडे बघितलं. "लिवायचं की दारू प्यायला होतास."

"बाबा, मी कधी..."

"माहीत हाय मला." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पोरं पितात. लोक दोन शिव्या घालतात आनी विसरतात. तक्रार झाली तर केस होईल, चारित्र्याचा दाखला मिळनार नाय, कुठं गेटवर उभापन करनार नायत तुला. आनी आजारी बोललास, तर..." ते थांबले. "एक दिस दारुडा हो रं. जल्मभर येडा नको होऊ."

ते बरोबर होते, हीच अडचण होती. दारू प्यायलो म्हटलं की आमच्याकडे माणूस माणसात राहतो. डोक्याच्या गोळ्या खातो म्हटलं की तो माणसांतून उठतो. एका खोट्या सहीने माझं कॉलेज, पुढची नोकरी, सगळं वाचणार होतं.

पण त्यानंतर मला दर महिन्याला पनवेलला जायचं होतं. रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. त्या कोणापासून लपवू? आणि झोप पुन्हा गेली तर? दारुड्याला झोप आली नाही म्हणून कोणी टेंपो काढत नाही.

बैठक

मारुतीच्या देवळात वीसेक माणसं होती. सकाळची वेळ. दामूकाका खांबाला टेकून बसले होते. मी गावात आलो तेव्हा आधी काकीला भेटायला त्यांच्या घरी गेलो होतो. मी मान खाली घालून उभा राहिलो. तिने पदराखालून हात काढून दाखवला. कातडी गुलाबी आणि चकचकीत झाली होती.

"हात बरा झाला," ती म्हणाली. "तू झालास का?"

"होतोय," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि आत गेली. माफीची वाक्यं मी मामाकडूनच पाठ करून गेलो होतो, ती तशीच तोंडात राहिली.

देवळात पोलीस पाटलांनी कागद वाचला. "'...सदर दिवशी दारूच्या नशेत माझ्याकडून हे कृत्य घडले...' घे, इथं सही कर. मिटला विषय."

माझे हात औषधांमुळे थरथरतात. त्यांनी पुढे केलेलं पेन मी घेतलं नाही, तर सगळ्यांना वाटलं की थरथरीमुळे घेता येत नाहीये.

"मी दारू पीत नाही," मी म्हणालो.

मागून कोणीतरी म्हणालं, "आजपासून पी." सगळे हसले.

पाटील म्हणाले, "अरं, कागदावर लिवायची हाय. प्यायची नाय."

"मी आजारी होतो. तसं लिहा. डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे."

हसणं थांबलं. बाबांनी मान खाली घातली. पाटलांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. त्यांना खरंच मला वाचवायचं होतं. "भावेश, आजारी होतास तर वारा बघून काडी कशी लावलीस? मी सोता बघितलंय. राखेवरनं कळतं. येड्याला वारा कळतो का? हे कोर्टात गेलं तर वकील पयला हेच विचारील. मग ती खुन्नस झाली."

त्या प्रश्नाचं उत्तर मी अठरा दिवस शोधत होतो.

"हात शिकलेले होते, पाटील," मी म्हणालो. "डोकं आजारी होतं. आजारात माणूस चालायचं विसरत नाही, तसं राब भाजायचंही विसरत नाही. आणि दारू प्यायलेल्याने वारा बघितला तर तुम्हाला चालतं, मग आजारी माणसाने बघितला तर तो गुन्हेगार कसा?"

मागे कुजबुज झाली. ज्याने मला बांधलं होतं तो म्हणाला, "बरं, आजारी लिवा. पन मग खाली हेपन लिवा, की हा पुना जल्मात काडीला हात लावनार नाय."

"नाही," मी म्हणालो.

माझा आवाज मोठा नव्हता, पण देऊळ लहान आहे. "एक वर्ष लावणार नाही. जन्मभराचं लिहून देणार नाही. आमचा राब कोण भाजणार? मी केलं ते केलं. त्याची भरपाई म्हणून आमचा सगळा पेंढा काकांना देतो, आम्हाला आता बैल नाहीत. छप्पर शाकारून देतो. पण आजारासाठी शिक्षा घेणार नाही."

"पेंढा तुझा बाप परवाच टाकून गेला," दामूकाका म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं ते पहिलं वाक्य. मी बाबांकडे बघितलं. ते फरशी बघत होते.

मग काकांनी मला विचारलं, "परत करशील?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'कधीच नाही' म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "गोळ्या घेईन. झोप गेली तर आईला सांगेन. पण मला स्वतःला कळेलच असं नाही, काका. तेव्हा तर मला छान वाटत होतं. म्हणून तुम्हाला सांगतो. मी उजाडायच्या आधी डोंगराला कवळ तोडताना दिसलो, एका दमात पाच घरची कामं करताना दिसलो, तर माझं कौतुक करू नका. घरी येऊन सांगा."

काकांना ते दहा दिवस आठवत असावेत. सोनं म्हणाल्याचंही आठवत असेल.

"लिवा पाटील," ते शेवटी म्हणाले. "आजारी होता. आनी एक वर्ष लिवा."

सही करताना माझं नाव वाकडंतिकडं आलं. पण ते माझं होतं.

बारकूकाका

घरी जाताना बाबा माझ्या पुढे चालत होते. बांधावर आल्यावर थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "मॅडमनी विचारलेलं ना, घरात कोन होता का. होता. माझा चुलता, बारकूकाका. दोन-दोन दिस गात फिरायचा, मग महिनाभर कोनाड्यात तोंड घालून बसायचा. सगळा गाव दारुडा बोलायचा त्याला."

"प्यायचे?"

"थेंब नाय." त्यांनी पायाने बांधावरचं ढेकूळ फोडलं. "आमीच बोलायचो दारुडा. बरं पडायचं." मग चालायला लागले. "पुढच्या टायमाला जाशील पनवेलला, तवा मी येतो. सांगतो मॅडमला."

ते आले. सांगितलं. तेव्हापासून कारखान्याची पाळी बदलून घेऊन दर महिन्याला येतात.

या वर्षीचा राब

सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. माझं वजन वाढलंय, तहान फार लागते, रक्त तपासावं लागतं. मधे दोन महिने मी अंथरुणातून उठत नव्हतो, आणि तेव्हा गावाने मला आळशी म्हटलं. एक मित्र अजून माझ्या शेजारी बसत नाही. तो व्हिडिओ अजून त्या पेजवर आहे. दिवाळीत मी त्याच्याखाली माझ्या नावाने लिहिलं: "हा मी आहे. मी आजारी होतो. उपचार चालू आहेत. माथेफिरू म्हणू नका." खाली काही जणांनी दात काढले. पण एका अनोळखी मुलीने मला वेगळा निरोप पाठवून विचारलं, "माझा भाऊ आठ दिवस झोपला नाही, पण खूप आनंदात आहे. कुठे न्यायचं?" मी तिला सांगितलं. हा लेख त्या एका निरोपासाठी आहे.

आता या मे महिन्याचं सांगतो. वर्ष पूर्ण झालं होतं. राब मी सावकाश रचला, सहा दिवस लावले. एका सकाळी दामूकाका बांधावर उभे राहिले.

"किती वाजता उठलास रं?"

"साडेसहाला."

"रातचा झोपलेलास?"

"सात तास."

"बरं," म्हणाले आणि गेले. असं ते दोन-तीनदा विचारून गेले. सुरुवातीला मला राग आला. मग लक्षात आलं की देवळात मी हेच तर मागितलं होतं.

भाजायच्या दिवशी सकाळी वारा मंद होता. बाबा काडेपेटी घेऊन आले आणि न बोलता माझ्या हातात दिली. दोन-चार बांधांवर माणसं येऊन उभी होती. सगळ्यांना त्याच दिवशी आपापल्या बांधावर काहीतरी काम निघालं होतं. दामूकाका त्यांच्या नव्या उडवीपाशी पाण्याने भरलेला हंडा घेऊन उभे होते. लपवला नव्हता, पुढ्यातच ठेवला होता. मला ते आवडलं. मीही त्यांच्या जागी असतो तर हंडा भरला असता.

मी वारा बघितला. तो जिकडे जात होता त्या टोकाला गेलो. पहिली काडी थरथरीत विझली. कोणीतरी खाकरलं. दुसरी काडी मी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली आणि लावली.

आग चालत आली. धावली नाही. कवळाचा धूर सरळ वर गेला, माती तडतडली, आणि तासाभराने आमच्या राबाच्या जागी काळी, गरम, स्वच्छ जमीन उरली. एक ठिणगी बांधाबाहेर गेली नाही.

सुमनकाकी गोठ्याच्या दारात आली. भाजलेला हात कपाळावर धरून तिने आमच्या राबाकडे बघितलं, मग काकांकडे.

"झालं ना आता?" ती म्हणाली. "मग ते पाणी म्हशीला दाखवा. कवापासनं तहानलीय."

काकांनी हंडा उचलला आणि गोठ्यात नेला.